लघुपट स्पर्धेची पहिली प्रवेशिका: निर्मितीचा दर्जा पायरीपायरीने कसा सांभाळावा

लघुपट किंवा व्हिडिओ स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांचा सगळा भर विषयावर आणि कथेवर असतो, आणि तो असायलाच हवा. मात्र प्राथमिक फेरीत परीक्षकांना एका बैठकीत अनेक प्रवेशिका पाहाव्या लागतात, त्याही बहुतेक वेळा लॅपटॉपवर. अशा वेळी संवाद कळत नसेल, चेहरा अंधारात असेल किंवा चित्र सतत हलत असेल, तर कथेपर्यंत पोहोचण्याआधीच पाहणारा थकतो. चांगल्या विषयाची प्रवेशिका मागे पडते ती पुष्कळदा याच कारणाने, आणि त्या स्पर्धकाला आपले कुठे चुकले हे कोणी सांगतही नाही.

निर्मितीचा दर्जा म्हणजे महागडा कॅमेरा, ड्रोन आणि स्लो मोशन, असा एक समज रूढ झाला आहे. माझ्या मते या तिन्हींचा दर्जाशी फारसा संबंध नाही. प्रेक्षक आणि कथा यांच्यामध्ये येणारा प्रत्येक अडथळा काढून टाकणे म्हणजे दर्जा, आणि हे काम साध्या मोबाईलवरही करता येते. पुढे क्रमाने जे सांगितले आहे, त्यासाठी एकच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवू: संध्याकाळची वेळ आहे, आजी स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे आणि नातू दारात उभा राहून, आपल्याला शहरात नोकरी लागली असून उद्याच निघायचे आहे, असे तिला सांगतो आहे. दोन माणसे, एक खोली, तीन मिनिटे. नवोदितांच्या प्रवेशिकांमध्ये असे प्रसंग नेहमी असतात आणि दर्जाची खरी परीक्षाही तिथेच होते.

पहिली पायरी: नियमावली

पटकथेला हात घालण्यापूर्वी नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग २०१५ पासून लघुपट स्पर्धा घेतो. तिथे लघुपट कोणत्याही भारतीय भाषेत चालतो, परंतु इंग्रजी सबटायटल आवश्यक असतात आणि लांबी किमान ३ व कमाल १० मिनिटे ठेवावी लागते. ऑस्कर पुरस्कारांच्या नियमांत लघुपटाची कमाल लांबी ४० मिनिटे आहे, आणि त्या ४० मिनिटांत श्रेयनामावलीही धरली जाते. आपल्या स्पर्धेत श्रेयनामावली धरली जाते की नाही, हे आधीच विचारून घ्यावे, कारण संकलन (एडिटिंग) पूर्ण झाल्यावर वीस सेकंद कापायची वेळ आली की प्रसंगाला उसंत देणारा नेमका चांगला शॉट बळी पडतो. लांबी, भाषा, सबटायटल, फाइलचा प्रकार, आडवे चित्र की उभे, लघुपट आधी कुठे प्रसिद्ध झालेला चालतो का आणि संगीताच्या हक्कांबद्दल काय लिहून द्यावे लागते, एवढ्या गोष्टी एका कागदावर उतरवून तो कागद चित्रीकरणाच्या दिवशीही सोबत ठेवावा.

दुसरी पायरी: जागा पाहणे आणि ऐकणे

जागा पाहायला जाताना ज्या वेळी चित्रीकरण करायचे आहे त्याच वेळी जावे. सकाळी शांत वाटणाऱ्या घराच्या मागे संध्याकाळी क्रिकेट चालू असते, शेजारच्या घरात मालिकांचा आवाज असतो, जवळच्या देवळात आरती सुरू होते. खोलीत पाच मिनिटे डोळे मिटून बसावे आणि जे जे ऐकू येईल ते लिहून काढावे. उजेड कोणत्या खिडकीतून येतो आणि किती वाजेपर्यंत टिकतो, हेही पाहावे. भारनियमन असलेल्या गावात विजेचे वेळापत्रक विचारून घ्यावे.

परवानग्यांचे थोडक्यात सांगायचे तर, रेल्वे स्थानक किंवा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील रायगडासारखा किल्ला येथे ‘कोणी पाहत नाही’ या भरवशावर चित्रीकरण करू नये. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत आणि हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडलेले आहेत. ते न तपासता ड्रोन उडवू नये. आजी-नातवाच्या प्रसंगाला तर त्याची मुळीच गरज नाही.

तिसरी पायरी: मोबाईलची तयारी

लेन्स स्वच्छ सुती कापडाने पुसणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. बोटांचे तेल लेन्सवर राहिले की दिव्याभोवती धुरकट वलय दिसते आणि ते नंतर काढता येत नाही. चित्रीकरण मागच्या कॅमेऱ्याने करावे, फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा आणि फोनच्या मेमरीतली जागा आधीच मोकळी करून घ्यावी. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० आकाराचे चित्रीकरण मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी घेते आणि त्याहून मोठ्या आकाराचे, म्हणजे फोर-केचे, त्याच्या सुमारे तिप्पट. स्पर्धेने मागितले नसेल तर फुल एचडी पुरेसे आहे. बोटांनी चित्र जवळ ओढू नये, कारण डिजिटल झूमने तपशील जातो. त्याऐवजी चार पावले पुढे जावे.

यानंतर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) टिपली जातात तो आकडा, आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी किती वेळ उजेड आत घेतला जातो ते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाईट किंवा साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याचे शटर त्या लयीशी जुळले नाही तर चित्रात हलते पट्टे दिसू लागतात. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० हे भारतात सोयीचे ठरते. फोन फक्त ३० फ्रेमवर चालत असेल तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास पट्टे टळतात. अमेरिकेत राहून मराठी लघुपट करणाऱ्यांनी तिथली वीज ६० हर्ट्झची असल्याने शटर १/६० ठेवावे. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप आहे, त्यातील मॅन्युअल सोयी आपल्या फोनवर चालतात का ते पाहावे.

फोकस (चित्राची स्पष्टता), एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हे तिन्ही लॉक करावेत, म्हणजे ते मध्येच आपोआप बदलणार नाहीत. लॉक नसेल तर आजीने भाकरी तव्यावर टाकताच जाळ भडकतो, फोन आपणहून चित्र अंधारे करतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा उजळतो. ही धडधड नवख्या हाताची खूण म्हणून परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

कॅमेरा हातात धरण्याऐवजी ट्रायपॉडवर ठेवावा. ट्रायपॉड नसेल तर फळीवर, पुस्तकांच्या चळतीवर किंवा धान्याच्या छोट्या पिशवीवर फोन टेकवून ठेवला तरी चालतो. कॅमेरा हलवायचाच असेल तर त्यामागे प्रसंगातले कारण असावे.

चौथी पायरी: उजेड

आजीच्या स्वयंपाकघरात एक खिडकी आहे आणि वर एक ट्यूबलाईट आहे. नवोदित बहुधा दोन चुका करतात. पहिली म्हणजे पात्राला खिडकीच्या पुढ्यात बसवून कॅमेरा खिडकीकडे तोंड करून लावतात, त्यामुळे मागचे आभाळ पांढरेफटक आणि चेहरा काळा दिसतो. दुसरी म्हणजे खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाईट किंवा पिवळा बल्ब एकत्र वापरतात. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात; दिवसाचा प्रकाश सुमारे ५६०० केल्विनचा निळसर असतो आणि पिवळा बल्ब ३००० केल्विनच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते, आणि ती नंतर एकसारखी करणे जिकिरीचे काम असते.

दिवे बंद करावेत. आजीला खिडकीच्या एका बाजूला बसवावे, म्हणजे उजेड गालावरून तिरपा येईल. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळोखी वाटली तर तिकडून पांढऱ्या थर्माकोलचा मोठा तुकडा धरावा. मोठमोठ्या चित्रपटांच्या सेटवरही थर्माकोल वापरतात आणि स्टेशनरीच्या दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो. तुकडा चेहऱ्याच्या जवळ-दूर करत राहावे. डोळ्यांत उजेडाचा बारीक ठिपका दिसू लागला आणि सुरकुत्यांची खोलीही टिकून राहिली, की तो तिथेच थांबवावा. म्हाताऱ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सपाट उजेडाने पुसून टाकणे म्हणजे प्रसंगाचा निम्मा अर्थ घालवणे होय.

बाहेर चित्रीकरण असेल तर भर दुपारचे ऊन टाळावे, कारण त्यात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. पर्याय नसेल तर झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत पात्रांना उभे करावे. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा सुमारे तासभर उजेड सुंदर असतो, पण तो भराभर बदलतो. लांब संवादाचा प्रसंग त्या वेळेत ठेवला तर पहिल्या आणि शेवटच्या शॉटचा रंग जुळत नाही.

पाचवी पायरी: आवाज

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. थोडे धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, पण न कळणारा संवाद तो अर्धे मिनिटही सहन करत नाही. खर्चासाठी हाताशी दोन-तीन हजार रुपयेच असतील तर ते लेन्सवर किंवा फिल्टरवर न घालवता माईक आणि ट्रायपॉडवर खर्च करावेत. वायरचा साधा कॉलर माईक हजार रुपयांच्या आत मिळतो.

माईक तोंडाजवळ असणे ही मुख्य गोष्ट आहे. मोकळ्या जागेत माईकचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) घटतो, खोलीचा घुमा मात्र तेवढाच राहतो. म्हणूनच दोन-अडीच मीटरवरून फोनच्याच माईकने घेतलेला संवाद विहिरीतून आल्यासारखा वाटतो. कॉलर माईक हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, पदराच्या किंवा शर्टाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने बसवावा. रेशमी किंवा कडक स्टार्चचे कापड माईकला घासून खसखस करते, म्हणून आजीला धुऊन मऊ झालेले सुती लुगडे द्यावे. ते प्रसंगालाही शोभते. दुसरा माईक नसेल तर नातवाच्या वरच्या खिशात आणखी एक फोन ध्वनिमुद्रण सुरू करून ठेवता येतो. प्रत्येक टेकच्या, म्हणजे शॉट घेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाच्या, आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवताना ती खूण सापडते. ध्वनिमुद्रणाच्या मीटरवर आवाजाची पातळी सर्वांत मोठ्याने म्हटलेल्या वाक्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचावी. ती शून्याला टेकली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

आता खोली शांत करायची. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. शेजाऱ्यांना भेटून विनंती करावी. बहुतेक लोक अर्धा तास आनंदाने सांभाळून घेतात. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून चौकटीबाहेर जमिनीवर सतरंज्या आणि दोरीवर जाड गोधड्या टाकाव्यात. गोधडी हे आपल्या घरातले उत्तम ध्वनिशोषक आहे.

भाकरी थापण्याच्या आवाजाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. आजी थापताना बोलते तेव्हा परातीचा थपथप आवाज नेमका महत्त्वाच्या शब्दावर पडतो. त्यासाठी संवादाच्या टेकमध्ये परातीखाली जाड कापड ठेवून हात हलके चालवायला सांगावे आणि संवाद स्वच्छ घ्यावा. नंतर कापड काढून, माईक परातीजवळ धरून, थापण्याचा, जाळाच्या फुरफुरीचा आणि तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज वेगवेगळा मुद्रित करावा. संकलनात हे आवाज हव्या त्या जागी, हव्या तेवढ्या पातळीवर ठेवता येतात. नोकरीची बातमी ऐकल्यावर थापणे थांबते, हे दाखवायचे असेल तर तो थांबणारा आवाजच प्रसंगाचा कणा असतो, आणि तो आपल्याकडे स्वतंत्र असेल तरच त्यावर ताबा राहतो.

प्रसंग संपल्यावर कोणीही जागचे न हलता, त्या खोलीतली शांतता एक मिनिट मुद्रित करावी. तिला रूम टोन म्हणतात. कोणतीही खोली पूर्ण नि:शब्द नसते. दोन वाक्यांमधला नको असलेला भाग कापला की तिथे पोकळी जाणवते, आणि ती या मुद्रणाने भरून काढता येते. एखादे वाक्य रिक्षाच्या आवाजात बुडाले असेल तर त्याच खोलीत, त्याच माईकवर, त्याच भावात ते वाक्य लगेच पुन्हा म्हणवून घ्यावे. पंधरा दिवसांनी दुसऱ्या जागी केलेले डबिंग नवोदितांना क्वचितच जुळवता येते. सॉफ्टवेअरने गोंगाट काढता येतो खरा, पण जास्त काढला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. ऑडॅसिटीसारखे आवाज संपादनाचे मोफत सॉफ्टवेअर वापरताना हा मोह आवरावा.

सहावी पायरी: चित्रीकरणातील शिस्त

आधी संपूर्ण प्रसंग एका रुंद शॉटमध्ये घ्यावा, मग आजीचा जवळचा शॉट, मग नातवाचा, आणि शेवटी हात, चूल, दाराशी ठेवलेली बॅग असे तपशील घ्यावेत. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आणि संवाद संपल्यावर पाच सेकंद थांबावे, कारण संकलनासाठी तेवढी जागा लागते. आजी आणि नातू यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा आहे असे धरून कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. रेषा ओलांडली की दोघे एकमेकांकडे पाहण्याऐवजी एकाच दिशेला पाहत आहेत असे दिसते.

प्रत्येक शॉटनंतर दुसऱ्या फोनने एक फोटो काढून ठेवावा. परातीत किती पीठ होते, टोपलीत किती भाकऱ्या होत्या, बॅग कोणत्या खांद्यावर होती, हे आठवणीवर सोडता येत नाही. आजीची भूमिका करणाऱ्या बाईंना पुरेशी पिठाची तयारी करून द्यावी, कारण दहा टेक म्हणजे दहा भाकऱ्या. आणि त्याच संध्याकाळी सगळ्या फाइल दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात. हे काम उद्यावर टाकू नये.

फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नयेत. दिवसभर जपलेले चित्र तिथे दाबून लहान केले जाते आणि मूळ दर्जा परत मिळत नाही. पेन ड्राइव्ह, केबल किंवा गूगल ड्राइव्ह वापरावा. व्हॉट्सॲपच वापरायचे असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

सातवी पायरी: संकलन, संगीत आणि रंग

दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती नवोदिताच्या सगळ्या गरजा भागवते, मात्र तिला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. मोबाईलचे चित्रीकरण पुष्कळदा बदलत्या फ्रेम रेटचे असते आणि त्यामुळे लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज यांची जुळणी हळूहळू सरकते. तसे आढळले तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने फाइल आधी स्थिर फ्रेम रेटची करून घ्यावी.

पहिले संकलन नेहमी लांब होते. ते कथा माहीत नसलेल्या एखाद्या व्यक्तीला दाखवावे आणि ‘कसे वाटले?’ असे न विचारता ‘कुठे समजले नाही, कुठे ऐकू आले नाही?’ असे विचारावे. निर्मितीसंस्थेचे फिरते बोधचिन्ह, लांबलचक आभार आणि गावाचे पाच देखावे यांत पहिले मिनिट घालवू नये. सरळ भाकरीच्या थापेने सुरुवात करावी.

पार्श्वसंगीत संवादावर चढता कामा नये. संगीताच्या हक्कांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत आणि संगीतरचना यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु एखाद्या गायकाने गेल्या काही वर्षांत मुद्रित केलेला तोच अभंग सर्वांचा नाही, आणि त्याला लावलेली नवी चालही नाही. श्रेयनामावलीत नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत अभंग म्हणवून घ्यावा, तो आपण मुद्रित करावा आणि त्यांची लेखी संमती ठेवावी. हा मार्ग सुरक्षित आहे, आणि तो आवाज लघुपटाच्या मातीशी जुळतोही.

रंगाच्या बाबतीत आधी एकाच प्रसंगातले सगळे शॉट एकमेकांशी जुळवावेत. बहुतेक प्रवेशिकांना एवढेच पुरते. तयार फिल्टर लावून सगळे चित्र निळे-केशरी करण्याने आजीचे स्वयंपाकघर जाहिरातीतले दिसू लागते.

देवनागरी नावे टाकताना विशेष काळजी घ्यावी. काही सॉफ्टवेअर आणि फाँट यांच्या जोडीत जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलत्या जागी जाते. प्रत्येक पाटी मोठी करून वाचावी, शुद्धलेखन जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि अक्षरे चौकटीच्या कडांपासून आत ठेवावीत. इंग्रजी सबटायटल एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त आणि एका ओळीत सुमारे ४२ अक्षरांपेक्षा जास्त नसावेत. संवादाचा प्रत्येक शब्द आणण्यापेक्षा अर्थ थोडक्यात आणावा, कारण परीक्षकाला आजीचा चेहराही पाहायचा असतो.

संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे तयार मिश्रण तीन ठिकाणी ऐकावे: हेडफोनवर, लॅपटॉपच्या स्पीकरवर आणि मोबाईलवर. तिन्हीकडे प्रत्येक शब्द कळला पाहिजे.

आठवी पायरी: अंतिम फाइल आणि प्रवेशिका

नियमावलीत वेगळे काही नसेल तर एमपी४ प्रकार, एच.२६४ (चित्र साठवण्याची पद्धत), १९२० बाय १०८०, टाइमलाइनचाच (सॉफ्टवेअरमधल्या संकलनाच्या पट्टीचाच) फ्रेम रेट, १० ते २० एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) आणि ४८ किलोहर्ट्झचा एएसी (आवाज साठवण्याची पद्धत) आवाज अशी फाइल काढावी; हे पर्याय सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट खिडकीत याच नावांनी दिसतात. ती तयार झाल्यावर मध्येमध्ये उडी न मारता सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. रेंडर करताना, म्हणजे सॉफ्टवेअर अंतिम फाइल तयार करत असताना, एखादी काळी फ्रेम, तुटलेला आवाज किंवा गायब झालेले सबटायटल असे दोष येतात आणि ते टाइमलाइनवर दिसत नाहीत.

मुदतीच्या दोन दिवस आधी फाइल चढवावी. शेवटच्या रात्री संकेतस्थळही मंद होते आणि आपले इंटरनेटही. ड्राइव्हची किंवा यूट्यूबची लिंक द्यायची असेल तर ती ब्राउझरच्या खासगी खिडकीत, स्वतःच्या खात्यात लॉगइन न करता उघडून पाहावी. लिंक परवानगी मागत असेल तर परीक्षक ती मागत बसणार नाहीत. पासवर्ड ठेवला असेल तर तो अर्जात लिहिला आहे ना, हे तपासावे. निकाल लागेपर्यंत ती फाइल हलवू नये, तिचे नाव बदलू नये, आणि मूळ चित्रीकरणही पुसू नये, कारण पुढच्या फेरीत आयोजक जास्त बिटरेटची प्रत किंवा सबटायटल नसलेली प्रत मागू शकतात.